श्री. व सौ. यांची टिकली

तिसऱ्या वेळी मला अकराव्या किलोमीटरला थांबवलं. हरिपूर रस्त्यावर, चिंचेच्या झाडाखाली. श्वास नीट चालला होता, पाय नीट चालले होते, नुकतंच मी एका कॉलेजच्या पोराला मागं टाकलं होतं, आणि छातीवरची टिकली लाल झाली.

स्वयंसेवक मुलगी शिट्टी वाजवत आली. तिच्यामागून विजेची रिक्षा आली.

"काका, बसा."

"मला काही झालेलं नाही."

"होणार आहे, काका. म्हणून तर लाल झाली."

मी बसलो. ज्या पोराला मागं टाकलं होतं तो माझ्याकडं बघत पुढं गेला. रिक्षात आधीच एक जाड गृहस्थ केळं खात बसले होते. ते म्हणाले, "पहिलीच वेळ का?" मी म्हटलं, तिसरी. त्यांनी अर्धं केळं माझ्यापुढं केलं.

ज्यांनी अशा दौडी केलेल्या नाहीत त्यांच्यासाठी टिकलीचं थोडं सांगतो. काही वर्षांमागं रस्त्यावरच्या दौडींत धडधाकट माणसं ओळीनं कोसळून गेली. तेव्हापासून दहा किलोमीटरच्या वरची कुठलीही दौड टिकलीशिवाय घ्यायची नाही असा नियम झाला. टिकली म्हणजे रुपयाएवढी पातळ चकती. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलंय, ते कुणी घेत नाही. ती छातीला चिकटवायची. ती हृदयाची विजेची लहर वाचते, घामातलं मीठ आणि आम्ल मोजते, कातडीची उष्णता बघते. एवढं तर दवाखान्यातली यंत्रंही करतात. टिकलीची खुबी वेगळी आहे. ती तुमची तुलना पुस्तकातल्या माणसाशी करत नाही, तुमच्याशीच करते. सरावाच्या वेळीही ती लावून पळायचं. चारसहा महिन्यांत तिला तुमची ठेवण कळते: तुमचं हृदय चढावर किती पळतं, उतारावर किती वेळात शांत होतं, उन्हात किती मीठ जातं. मग ती आजच्या पळण्यावरून अर्धा तास पुढचं सांगते. सगळं ठीक असेल तर हिरवी. पिवळी झाली तर पळणं सोडून चालायचं. लाल झाली तर बसायचं, आणि तुमच्या नावापुढं 'अपूर्ण' लागतं.

लोकांचे जीव वाचतात हे खरं आहे. मला त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझ्याबद्दल.

मी सुकुमार चौगुले. वय एकसष्ट. तेहतीस वर्षं विजेच्या खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढणाऱ्या माणसाचं नाव सुकुमार, यावर माझा मित्र तांबोळी अजून हसतो. पळायला मी पन्नाशीनंतर लागलो, तेही बायकोमुळं. राजमतीला साखरेचा त्रास निघाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ती चालायला लागली, मी सोबत. चालताचालता ती कधी पळायला लागली ते मला कळलंच नाही, कारण मी मागं होतो.

मग दौडी सुरू झाल्या. जयसिंगपूर, मिरज, तासगाव, आणि डिसेंबरात आमच्या सांगलीची कृष्णाकाठ दौड, एकवीस किलोमीटर. पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं. तिथं आधी कुणीतरी माइकवरून ओरडून आपल्याला नाचायला लावणार. मध्यम मापाचे शर्ट संपलेले असणार. पुढाऱ्याची वाट बघत अर्धा तास थंडीत उभं राहायचं. आमच्या जैनांच्या नेमानं राजमती दिवस उगवल्याशिवाय पाणी तोंडात घालायची नाही. सहाची दौड असली की पहिल्या पाण्याच्या टेबलावर पोरं पेले पुढं करायची आणि ही हात जोडून पुढं जायची. पोरांना वाटायचं बाई नमस्कार करतायत. पोरंही उलट नमस्कार करायची.

टिकली आली तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं. आता कळेल पुरुषांना, दिवसभर टिकली सांभाळायची म्हणजे काय असतं ते."

आम्ही सहा वर्षं कायम बरोबर पळालो. मी सगळ्यांना सांगायचो, हिच्यासाठी मी हळू पळतो. ती काही बोलायची नाही.

शेवटची कृष्णाकाठ दौड मागच्या डिसेंबरची. पंधराव्या किलोमीटरला, पूल दिसायला लागला तिथं, ती म्हणाली, "अहो, जरा दमायला होतंय."

मी तिच्या टिकलीकडं बघितलं. हिरवी. माझ्याकडं बघितलं. हिरवी. म्हटलं, "हिरवी हाय की. काही नाही, चल. पाय उचल."

तिनं पाय उचलले. आम्ही दौड पूर्ण केली, मेडल गळ्यात घालून फोटो काढला. फेब्रुवारीत एका सकाळी चहा गाळताना ती खाली बसली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, आधी कुणाला कळलं असतं असं नाही.

त्यानंतर मी एकटा पळायला लागलो. घरात बसून करायचं काय? जूनमध्ये मिरजेला सतराव्या किलोमीटरला लाल. म्हटलं असेल, चार महिने सराव नव्हता. ऑगस्टात तासगावला चौदाव्याला लाल. मी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं आणि म्हणाले, "चौगुले, तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात." तो कागद मी कंपनीला पाठवला. उत्तर आलं, 'आपली सुरक्षितता हेच आमचे ध्येय.' मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त या वेळी खाली फुलाचं चित्र होतं. ऑक्टोबरात कृष्णाकाठच्याच वाटेवर सरावाची दौड होती, तिथं हरिपूर रस्त्याला अकरावा.

मुलगी बेळगावला असते, प्रणोती. तिला दौडीचा निकाल माझ्याआधी कळतो. रिक्षात बसलो होतो तेव्हाच तिचा फोन.

"पप्पा, बस झालं आता."

"डॉक्टर म्हणाले मी ठणठणीत आहे."

"आईलापण ठणठणीतच म्हणत होते. डिसेंबरची दौड पळायची नाही. माझी शपथ आहे."

"शपथा कसल्या घालतेस गं?"

"मग काय करू? तिथं येऊन दाराला कुलूप लावू?"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मुलगी का? माझीपण असंच करते." मी फोन बंद केला.

मला डिसेंबरची ती दौड पूर्ण करायची होती. राजमतीच्या स्मरणार्थ वगैरे नाही, तसलं मला जमत नाही. सहा वर्षं आम्ही ती पूर्ण केली होती. सातव्या वर्षी ती रिक्षात बसून संपावी हे मला पटत नव्हतं, एवढंच.

तांबोळीचं मिरजेत मोटर बांधायचं दुकान आहे. जळलेल्या पंपांच्या मोटरी लोक त्याच्याकडं आणतात, तो तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. तो स्वतः पाच किलोमीटरच्या वर पळत नाही, नाश्त्यासाठी येतो. मी त्याच्यापुढं कपाळ बडवत बसलो होतो. तो तार गुंडाळत ऐकत होता. मग थांबला.

"सतरा, चौदा, अकरा," तो म्हणाला. "पुढं आठ."

"काय आठ?"

"तीन-तीननं उतरालंय की रे. दर दोन महिन्याला तीन. चौगुले, तू जळती मोटर बघितलीयास का न्हाई? मोटर अशी मापात खराब होती का? आज जरा गरम, उद्या बरी, परवा धूर. आजार पट्टी लावून येत नसतोय. ही कुणीतरी बसून रेघ मारलीया."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं यंत्र तुला बघंनाच झालंय. ते आधीच्या रेघेवर पुढची रेघ वडतंय."

तेहतीस वर्षं मीटर बघितलेल्या माणसाला हे एका मोटरवाल्यानं सांगावं! मला राग आला, आणि तो बरोबर बोलतोय हेही कळलं.

कंपनीचं मदत केंद्र विश्रामबागेत, एका चपलांच्या दुकानावर. तिथं अनुजा नावाची मुलगी होती. ती शहाणी निघाली. फुलाचं चित्र दाखवलं नाही, सरळ माझी नोंद उघडली. थोडा वेळ बघत राहिली.

"काका, तुमची दुसरी टिकली कुठाय?"

"दुसरी?"

"तुमच्या नावावर दोन आहेत. काहीजण लावतात ना दोन, एक छातीला, एक पाठीला, म्हणजे वाचन पक्कं मिळतं. तुमची दुसरी फेब्रुवारीपासून बंद आहे. ती का काढली?"

मी म्हटलं, "नाव काय लिहिलंय तिथं?"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. नावाच्या चौकटीत मीच चार वर्षांपूर्वी भरलेलं होतं: श्री. व सौ. सुकुमार चौगुले. टिकल्या किती: २. मोबाइल नंबर: माझा.

गॅसला माझा नंबर, बँकेला माझा नंबर, सोसायटीला माझा नंबर. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर आपण जे नाव घालतो तेच मी तिथं घातलं होतं. दोन माणसं, दोन टिकल्या, मला त्यात काही चूक दिसली नव्हती. दौडीच्या दिवशी छातीवर लावायचे नंबर आम्हाला दोन मिळायचे, पण ते समितीचं काम. टिकलीचं काम कंपनीचं, आणि कंपनी माणूस ओळखते मोबाइल नंबरावरून. यंत्राच्या लेखी 'श्री व सौ सुकुमार चौगुले' हा दोन टिकल्या लावून पळणारा एक माणूस होता.

अनुजा समजावून सांगायला लागली. मला गरज नव्हती. एका मीटरवर दोन घरं जोडली की काय होतं ते मला माहीत आहे. एका घरात तार जळत असली तरी मीटर काही सांगत नाही, कारण दुसऱ्या घरात सगळं बरं चाललेलं असतं. अशी जोडणी करणाऱ्या किती लोकांना मी उभ्या आयुष्यात झापलं असेल.

यंत्र दोन्ही टिकल्यांची सरासरी काढत होतं. माझं हृदय आणि तिचं हृदय मिळून एक रंग. तोच रंग दोन्ही टिकल्यांवर.

"आणि एक टिकली बंद पडली की?" मी विचारलं.

"बंद पडली तर यंत्र ती जागा रिकामी सोडत नाही, काका. त्या टिकलीचं आधीचं वाचन जसं चाललं होतं, तसंच ते पुढं चालवतं. तुमची दुसरी टिकली आधीपासून खालावत होती, म्हणून..." ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं. "काका, दुसरी टिकली कुणाची?"

"मंडळींची."

"त्या...?"

"फेब्रुवारीत."

तिनं पडदा पुन्हा स्वतःकडं वळवला. माझ्या डोक्यात आकडे फिरत होते. सतरा, चौदा, अकरा. ती जाऊन नऊ महिने झाले होते, आणि यंत्र तिला अजून माझ्याबरोबर पळवत होतं. तिचा आजार जसा वाढत होता तसाच ते वाढवत होतं, मापानं, दर दोन महिन्याला तीन किलोमीटर. लाल मी होत नव्हतो.

"वेगळं करता येईल?" मी म्हटलं.

"येईल. मागचं सगळं पुन्हा वाचलं जाईल, दोघांचं वेगवेगळं. फक्त त्यांचा नंबर लागेल."

राजमतीचा नंबर मला पाठ नव्हता. चौतीस वर्षांचा संसार, त्यातली वीस वर्षं तिच्याकडं फोन. माझ्या फोनमध्ये तो 'घर' या नावानं होता. मी 'घर' उघडून अनुजाला दाखवलं.

दहा मिनिटांत काम झालं. तिनं माझ्या छातीवर टिकली लावून मला जिन्यावरून चार वेळा वरखाली करायला लावलं. हिरवी. चपलांच्या दुकानदारानं विचारलं, लिफ्ट बंद आहे का.

राजमतीचा फोन कपाटात असतो. दर रविवारी मी तो चार्ज करतो. का ते विचारू नका, सवय आहे. घरी आलो तर कपाटातून आवाज येत होता. एक झाला की दुसरा.

यंत्रानं मागचं सगळं नव्यानं वाचलं होतं आणि ज्या सूचना तेव्हा द्यायला हव्या होत्या त्या आता दिल्या होत्या. अकरा सूचना. पहिली मागच्या वर्षीच्या नऊ ऑगस्टची: 'पिवळी. आज चाला, पळू नका.' सप्टेंबरात दोन. ऑक्टोबरात तीन: 'डॉक्टरांना दाखवा.' नोव्हेंबरात चार, त्यातल्या दोन लाल. अकरावी, डिसेंबर, कृष्णाकाठ दौड, चौदावा किलोमीटर: 'लाल. ताबडतोब थांबा. जवळच्या माणसाला सांगा.'

पंधराव्या किलोमीटरला तिनं सांगितलं होतं. जवळचा माणूस मीच होतो.

खाली तिच्या तीन वर्षांच्या पळण्याची रेघ होती. पहिली अडीच वर्षं सगळी गडद हिरवी, आणि प्रत्येक दौडीपुढं यंत्राचा शेरा: 'जोर निम्मा. आपण यापेक्षा बरंच वेगानं पळू शकता.' प्रत्येक दौडीपुढं. मी गावाला सांगत होतो, मी हिच्यासाठी हळू पळतो.

संध्याकाळी प्रणोतीला फोन केला. सगळं सांगितलं. लपवून काय करणार होतो?

"अकरा?" ती म्हणाली.

"अकरा."

मागं तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"आईकडं फोन होता की, पप्पा," ती म्हणाली. "तिचा स्वतःचा फोन होता."

आणि तिनं ठेवून दिला. चार दिवस तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. मी लाइनमन आहे, चुकीची जोडणी म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि ती मीच केली होती.

पाचव्या दिवशी मी दौडीच्या समितीकडं गेलो. समितीचे प्रमुख गुरव सर, ड्रिलचे मास्तर. म्हटलं, दौडीच्या आदल्या दिवशी नंबर वाटायच्या टेबलावर मला बसवा.

"तुम्ही पळणारे, टेबलावर कशाला?" सर म्हणाले.

"टिकलीच्या नोंदीतले मोबाइल नंबर मी तपासतो."

"चौगुले, गेल्या वर्षी रांग पार फाटकाबाहेर गेली होती. ते सगळं आधीच भरून आलेलं असतंय. नुसतं पाकीट द्यायचं आणि पुढचा."

"मी बसणार."

सरांनी हात जोडले. लोक माझ्यापुढं आता फार वाद घालत नाहीत, एकटा माणूस म्हणून. त्याचा एवढाच फायदा.

दौडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून बसलो, पुढ्यात अनुजानं कंपनीकडून उघडून दिलेली टिकल्यांची यादी. रांग फाटकाबाहेर गेलीच. यादीत एका नंबरावर दोन टिकल्या दिसल्या की मी पाकीट देत नव्हतो. चाळीसेक जोडपी निघाली. श्री. व सौ. अमुक, श्री. व सौ. तमुक. एका बहाद्दरानं आई, बायको आणि मेहुणी तिघींना स्वतःच्या नंबरावर घातलं होतं. चार टिकल्यांचा माणूस. मी त्याला विचारलं, "तुला हातपाय किती आहेत?" मागचे लोक ओरडत होते, गुरव सर दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होते.

दुपारी एक कोळेकर नावाचा माणूस आला, चाळिशीचा, पळायचे भारी बूट. मागं बायको.

"बाईंचा नंबर सांगा," मी म्हटलं.

"माझाच टाका ओ."

"तुमचा टाकलाय. बाईंचा सांगा."

"अहो काका, ती फोन बघत नाही. ओटीपी वगैरे मलाच बघावं लागतंय. माझ्याच नंबरावर असू दे."

"मग तुम्हीच पळा दोन टिकल्या लावून."

"काय त्रास आहे!" तो मागं वळून लोकांना म्हणाला. "सरकारी माणूस दिसतोय."

"रिटायर," मी म्हटलं.

बायको पुढं आली. मेघा तिचं नाव. तिनं नंबर सांगायला सुरुवात केली, मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगितला. नवरा तिच्याकडं बघत होता. त्यालाही पाठ नसावा. मी तो वेगळ्या ओळीत भरला, नाव लिहिलं, मेघा कोळेकर, आणि दोघांचं आधीचं वाचन वेगळं करायला टाकलं. पाकीट दिलं. ती म्हणाली, "एवढ्या वेळात पाच किलोमीटर झालं असतं, काका."

दौडीच्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला. प्रणोती.

"पळणार आहात?"

"तुझी शपथ हाय. तू सोडवलीस तर."

"सोडवली. कसं वाटतंय?"

"हिरवी हाय."

"टिकलीला नाही विचारलं, पप्पा."

मी गुडघा वाकवून बघितला. "बरं वाटतंय," म्हटलं. "गुडघा जरा आखडलाय. आणि रात्री झोप नाही."

"मग हळू पळा," ती म्हणाली. एवढंच.

मैदानावर नाचून झालं, पुढारी आले, दौड सुटली. पहिल्या पाण्याच्या टेबलावर एक पेला पुढं आला. अजून उजाडलं नव्हतं. मी हात जोडून पुढं गेलो. आठवा किलोमीटर आला, तांबोळीच्या रेघेप्रमाणं मी जिथं बसायला हवं होतं तो. तांबोळी खरंच तिथं उभा होता, हातात वडापाव. ओरडला, "चौगुले, रंग कुठला?" मी छातीवर बोट ठेवून दाखवलं. अकरावा गेला, चिंचेचं झाड गेलं.

तेराव्याला रस्त्याच्या कडेला भांडण चाललं होतं. मेघा कोळेकर. स्वयंसेवक मुलगी तिला चालायला सांगत होती आणि ती पळता पळता तिच्यावर ओरडत होती. टिकली पिवळी होती. नवरा पुढं निघून गेला होता. मी दिसल्याबरोबर ती माझ्यावर आली.

"बघा, काका! तुमच्यामुळं! दोन वर्षं एकदापण पिवळी नाही झाली. ह्यांच्या नंबरावर असते तर पळाले असते की मी!"

"पळाला असता," मी म्हटलं.

"मग? बघा, काही झालंय का मला? उगीच नंबर वेगळा, नंबर वेगळा!"

मी तिच्याबरोबर चालायला लागलो. माझा वेळ चालला होता. पिवळी कधीकधी नुसत्या उन्हानंही होते, मीठ कमी पडलं तरी होते. तिला काही झालेलं नसेलही. मला ते कळायला काही मार्ग नव्हता.

"ताई, टिकलीचं राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"खरं सांगा."

तिनं तोंडावरचा घाम ओढणीनं पुसला.

"जरा दमायला होतंय," ती म्हणाली. "पण तेवढं असतंच की, काका. तेराव्या किलोमीटरला कोण दमत नाही?"

मी उभा राहिलो. त्या स्वयंसेवक मुलीला म्हटलं, रिक्षा बोलव. ती म्हणाली, पिवळीला रिक्षा नसते, काका, लाल झाल्यावर. मी म्हटलं, "बोलव म्हणतोय ना." माझा आवाज चढला असावा, कारण तिनं लगेच फोन लावला.

रिक्षा यायला बारा मिनिटं लागली. तोवर मेघाबाईंनी मला, समितीला, टिकलीच्या कंपनीला आणि नवऱ्याला सगळ्यांना धुऊन काढलं. मी ऐकत होतो. खरं तर मला ते ऐकायला बरं वाटत होतं. रिक्षा आली.

"बसा," मी म्हटलं. "डॉक्टर आहेत शेवटाला, त्यांना दाखवून मगच घरी."

"आणि हे मेडल घेऊन तिथं वाट बघत बसतील, त्यांना कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा. आता नंबर आहे की तुमचा."

तिनं माझ्याकडं रागानं बघितलं आणि बसली. रिक्षा वळली तेव्हा ती फोन काढत होती.

उरलेले आठ किलोमीटर मी पळालो, मध्ये गुडघ्यामुळं थोडं चाललोही. पुलापाशी पंधरावा किलोमीटर आला. तिथं मी थांबलो नाही. दौड पूर्ण झाली तेव्हा तंबू सोडायला सुरुवात झाली होती आणि केळी संपली होती. दोन तास बावन्न मिनिटं. इतका वेळ आम्हाला कधीच लागला नव्हता. टिकली हिरवीच होती.

प्रणोतीला फोन लावला.

"झाली पूर्ण," मी म्हटलं.

"कसं वाटतंय?"

"जरा दमायला झालंय गं."

"मग बसा, पप्पा," ती म्हणाली. "कुठंतरी सावलीत बसा. मी फोनवर आहे."

मी मैदानाच्या कट्ट्यावर बसलो.